शर्टाच्या खिशातली गोळी

मी तुमच्या गटांची समन्वयक बोलतेय. दर बुधवारी आपण बचत, बँकेचं खातं, शेळ्यांचं लसीकरण यावर बोलतो. आजचा विषय वेगळा आहे. घरात मामंजी, पोरंटोरं बसली असतील तर रेडिओ थोडा बारीक करा, पण बंद करू नका.

पुरुषाला संबंधाच्या वेळी ताठरपणा येत नाही, किंवा आला तरी टिकत नाही, त्यासाठी ज्या गोळ्या मिळतात त्यांच्याबद्दल मी बोलणार आहे. हे ठरलं तेव्हा आमच्या रेडिओवरची एक मुलगी म्हणाली, "ताई, हा पुरुषांचा विषय. आपण बायकांना कशाला सांगायचं?" मी तिला विचारलं, रात्री दोन वाजता पुरुषाच्या छातीत कळ आली तर उठून दिवा कोण लावतं?

मी डॉक्टर नाही, बी.ए. झालेली बाई आहे. पण आज जे सांगतेय ते आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरबाईंपुढे बसून वहीत उतरवून आणलंय.

माझ्या एका गटातल्या ताईंची गोष्ट त्यांना विचारूनच सांगतेय. नाव नाही, गाव नाही. त्यांच्या मालकांना साखरेचा त्रास. दोन वर्षांपूर्वी छातीत दुखलं, तेव्हा डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली, सॉर्बिट्रेट. ताईंना समजावलं की दुखायला लागलं तर माणसाला खाली बसवायचं, गोळी जिभेखाली ठेवायची आणि 108 ला फोन लावायचा. एका रात्री तसंच झालं. ताईंनी शिकवल्याप्रमाणे सगळं केलं. थोड्याच वेळात माणूस घामानं न्हाला, डोळे फिरवले आणि त्यांच्या अंगावर कोसळला. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांनी विचारलं, "आज आणखी काही औषध घेतलं होतं का?" ताई म्हणाल्या, "नाही." त्यांना ठाऊकच नव्हतं.

माणूस वाचला. चार दिवसांनी धुणं धुताना शर्टाच्या खिशात गोळ्यांची पट्टी सापडली, एक गोळी काढलेली. मित्रानं सांगितलं म्हणून मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली. ती पट्टी घेऊन ताई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "म्हणजे मीच माझ्या हातानं त्यांना मारत होते का?"

नाही. त्यांच्या हाताची काहीच चूक नव्हती. काय झालं ते समजून घ्या. जिभेखालची गोळी रक्तवाहिन्या सैल करते. खिशातली गोळीही रक्तवाहिन्या सैल करणारीच. दोन्हींचं काम एकमेकींवर चढलं की रक्तदाब एकदम खाली जातो आणि माणूस जिवानिशी जाऊ शकतो. म्हणून ज्याला सॉर्बिट्रेट किंवा नायट्रेट जातीची कुठलीही गोळी, फवारा किंवा छातीला लावायची पट्टी चालू आहे, त्याला ही ताठरपणाची गोळी चालत नाही. अर्धीसुद्धा नाही. आणि एखाद्यानं ती घेतली आणि मग छातीत दुखायला लागलं, तर जिभेखालची गोळी द्यायची नाही. 108 ला फोन करायचा आणि पहिल्याच वाक्यात सांगायचं, अमुक गोळी अमुक वाजता घेतली आहे. पट्टी हातात द्यायची. लाज तिथं ठेवायची नाही.

आता ही गोळी आहे तरी काय? तिचं मूळ नाव सिल्डेनाफिल. फायझर कंपनी इंग्लंडमध्ये हे औषध छातीच्या दुखण्यासाठी तपासत होती. त्यासाठी फारसा उपयोग झाला नाही, पण पुरुषांमध्ये भलताच परिणाम दिसला. 1998 साली अमेरिकेत व्हायग्रा या नावानं तिला मंजुरी मिळाली. आपल्याकडे आता अनेक कंपन्या ती वेगवेगळ्या नावांनी बनवतात, म्हणून पट्टीवरचं मोठं नाव पाहू नका, खाली बारीक अक्षरातलं मूळ नाव वाचा. दुसरी तशीच गोळी टाडालाफिल. सिल्डेनाफिलचा असर चारेक तास राहतो, टाडालाफिलचा दीड दिवसापर्यंत. त्यामुळे काल रात्री घेतलेली गोळी आज दुपारी डॉक्टरांना सांगावी लागते. सिल्डेनाफिलनंतर निदान 24 तास आणि टाडालाफिलनंतर निदान 48 तास नायट्रेट देता येत नाही.

नीट तपासून दिली तर ही चांगली औषधं आहेत, हेही सांगते. मला त्यांची बदनामी करायची नाही. कितीतरी जोडप्यांचं घर त्यांनी परत हसतं केलं आहे. पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायची. सिल्डेनाफिल 25, 50 आणि 100 मिलिग्रॅममध्ये येते. बहुतेकांना 50 पासून सुरू करतात. वय 65 च्या पुढे असेल, लिव्हर किंवा किडनीचा आजार असेल तर 25 पासून. मित्राला 100 लागते म्हणून आपणही 100 घ्यायची, हा शहाणपणा नाही. संबंधाच्या साधारण तासभर आधी घ्यायची, 24 तासांत एकदाच. मटणाचं जड जेवण झाल्यावर घेतली तर उशिरा लागू पडते. मग काही होईना म्हणून माणूस दुसरी घेतो, तिथं घोळ होतो. दारूबरोबर तर नकोच, रक्तदाब आणखी उतरतो.

डोकं दुखणं, तोंड लाल होणं, नाक चोंदणं, जळजळ, क्वचित सगळं निळसर दिसणं, हे होऊ शकतं आणि ओसरतं. पण ताठरपणा चार तासांच्या वर राहिला, एकाएकी दिसायचं किंवा ऐकायचं कमी झालं, तर तडक दवाखाना गाठायचा. लघवीच्या गाठीसाठी, म्हणजे प्रोस्टेटसाठी, टॅम्सुलोसिनसारखी गोळी चालू असेल, एचआयव्हीच्या किंवा बुरशीच्या काही गोळ्या चालू असतील, तर तेही आधी सांगायचं.

या गोळीनं मनात इच्छा तयार होत नाही. इच्छा असेल तरच ती काम करते. त्यानं गोळी घेतली म्हणून आपली इच्छा झाली, असंही होत नाही. "पैसे घालून गोळी घेतली, आता नाही कशी म्हणतेस," असं ऐकलेल्या बायका माझ्या गटांत आहेत. नाही म्हणायचा हक्क गोळीनं जात नाही. मूल होण्याची किंवा मूल न होण्याची गोळी तर ही मुळीच नव्हे.

डॉक्टरबाईंनी सांगितलेली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. तुमच्या डाळिंबाला, उसाला ठिबक आहे ना? पाण्यात क्षार असले की आधी काय बुजतं? बारीक ड्रिपर. मोठी पाइप नंतर. शरीराचंही तसंच. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात. साखर, रक्तदाब, तंबाखू, बिडी यांनी आधी त्या बुजतात. म्हणजे चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला ताठरपणाचा त्रास सुरू झाला, तर तो कधी कधी काही वर्षं आधी आलेला हृदयाचा निरोप असतो. आपण काय करतो? त्याला नामर्द म्हणतो, किंवा तो बाहेर जातो असा संशय घेतो. तो आपल्यावर खेकसतो. निरोप तसाच पडून राहतो.

म्हणून गोळीच्या आधी तपासणी. उपकेंद्रात, म्हणजे आता ज्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात तिथं, तिशीच्या पुढच्या माणसाची साखर आणि रक्तदाब मोफत तपासतात. डॉक्टर हेही विचारतील की दोन जिने न थांबता चढता येतात का, दम लागतो का, छातीत भरून येतं का. कारण संबंध म्हणजे हृदयाला तेवढीच मेहनत. कधी रक्तदाबाच्याच एखाद्या गोळीमुळे हा त्रास होतो. ती मनानं बंद करायची नाही, डॉक्टर बदलून देतात. कधी कर्जाचा घोर, झोप नाही, दारू, यांनीही होतं. तिथं गोळीपेक्षा बोलण्याची जास्त गरज असते.

आता तंबूवाल्यांकडे वळते. यांच्यावर माझा राग आहे. मागच्या वर्षी एका गटात आठ हजारांचं कर्ज गेलं, रजिस्टरमध्ये कारण लिहिलं होतं "औषधपाणी". नंतर कळलं, बाजाराच्या रस्त्यावरच्या एका तंबूत ते गेले. जडीबुटीची भुकटी, तीन महिन्यांचा कोर्स. हप्ता ती बाई शेतमजुरी करून फेडत होती. भिंतींवर, बसस्टँडवर ताकदीच्या जाहिराती असतात ना? 1954 च्या जादूटोणा-औषध जाहिरातींच्या कायद्यानं तशा जाहिराती करायलाच बंदी आहे. आणि "शंभर टक्के जडीबुटी" असं छापलेल्या अशा पुड्या-कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिल गुपचूप मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. म्हणजे सॉर्बिट्रेट चालू असलेला माणूस जडीबुटी समजून तेच विष खातो आणि पट्टीवर नावही नसतं. पुढं "औषधपाणी" म्हणून कर्ज मागितलं तर मी विचारणार आहे, कुठल्या दवाखान्याचं? राग मानू नका.

घरी विषय काढायचा कसा, हे मला पुष्कळजणींनी विचारलं. भांडणात नको, पोरांसमोर नको. शेतातून येताना, दोघंच असताना, एवढंच म्हणा, "मला राग नाही, मला तुमच्या छातीची काळजी आहे. साखर तपासून येऊ." डॉक्टरांपुढे "कमजोरी" म्हणू नका, त्यातून त्यांना काही कळत नाही. "संबंधाच्या वेळी ताठरपणा येत नाही," असं सरळ सांगा. आणि घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या, तुमच्या आणि त्यांच्या.

त्या ताईंच्या घरी आता अशी एक पिशवी दाराजवळ खिळ्याला टांगलेली असते. आत चिठ्ठ्या, पट्ट्या, आणि मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद: ही गोळी यांना चालत नाही. तो कागद मालकांनी स्वतःच्या हातानं लिहिला आहे. डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं की जिभेखालची गोळी आहे तोवर ही नाही. दुसरे उपाय आहेत, त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणच्या मूत्रविकार तज्ज्ञांकडे जायला सांगितलंय. बिडी सुटली, तीन महिन्यांची साखर खाली आली. ताईंना विचारलं, बाकी कसं आहे? त्या लाजून म्हणाल्या, "आता रात्री बोलतात तरी माझ्याशी."

तुमचे प्रश्न चिठ्ठीवर लिहून आशाताईंकडे द्या, नाव घालायची गरज नाही. पुढच्या बुधवारी डॉक्टरबाई स्वतः उत्तरं द्यायला येणार आहेत. नमस्कार.