दुसऱ्या डब्यातले वडील



मी अकोले तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. विदर्भातलं अकोला नव्हे. कळसूबाईचं, भंडारदऱ्याचं, प्रवरेच्या काठचं अकोले. शाळेतलं पुस्तकांचं कपाट माझ्या ताब्यात असतं, आणि तालुका क्रीडा स्पर्धा आल्या की मुलींबरोबर शिक्षिका म्हणून मलाच जावं लागतं. कपाटापाशी येतात तीच मुलं मैदानावर भेटतात. त्यांच्यासाठी आज मला एक पुस्तक मागायचं आहे.

दोन वर्षांपूर्वी नववीत एक मुलगी होती. 1500 मीटर पळायची. घर राजूरच्या वरच्या अंगाला, वाडीत. वडील तिला पहाटे चारला उठवायचे. घाटरस्त्याने ती पुढे आणि तिच्या मागे वडिलांच्या मोटारसायकलचा उजेड, असा रोजचा सराव. स्पर्धेच्या दिवशी ते मैदानाच्या कडेकडेने तिच्याबरोबर पळत होते, तिच्या नावाने ओरडत होते. शेवटच्या फेरीत तिचा दम तुटला. चौथी आली. वडिलांनी मोटारसायकलला किक मारली आणि ते निघून गेले. मुलगी आमच्याबरोबर जीपने परतली. बूट काढून तिने मांडीवर घेतले होते. नवे होते. ते कितीला घेतले, हे मी न विचारताच तिने मला सांगितलं. त्यानंतर घरी पोचेपर्यंत एक शब्द नाही.

त्या वडिलांना मी वाईट म्हणणार नाही. पावसावरचं भात पिकवणारा माणूस. पोलीस भरतीच्या ग्राउंडला मुलींना 800 मीटर पळावं लागतं, हे त्यांना ठाऊक आहे. खेळाडूला दहावी-बारावीला 25 पर्यंत सवलतीचे गुण मिळू शकतात, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, हेही त्यांना तोंडपाठ आहे. लेकीच्या पायात त्यांना अख्ख्या घराची सुटका दिसते. ते दिसणं खोटं नाही. पण चौदा वर्षांच्या पोरीने हे सगळं ओझं घेऊन पळायचं, आणि ते जड होतंय असं म्हणायलाही तिच्याजवळ शब्द नाहीत, याने माझा जीव तुटतो.

पुढच्या आठवड्यात ती कपाटापाशी आली. तिला काय द्यावं मला सुचेना. शेवटी ‘श्यामची आई’ दिलं. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक आपल्या घराघरात आहे, पण त्यातली पोहण्याची गोष्ट या नजरेने मी कधी वाचली नव्हती. श्याम पाण्याला भितो, लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, शिंपटीने मारत विहिरीवर पाठवते. श्याम बुडत नाही, पाण्यात पडतो तो पोहायला लागतो. पुढे जेवताना आई दही देऊ का म्हणून विचारते, तेव्हा तो चिडून अंगावरच्या वळांची आठवण करून देतो. आईला जेवण जात नाही. ती उठते आणि त्याच्या वळांना तेल लावते. आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हटलेलं तिला सोसवणार नव्हतं, एवढंच तिचं कारण.

मुलीने पुस्तक परत केलं आणि म्हणाली, “मॅडम, श्यामला आईशी रागावून बोलता तरी आलं.”

तेव्हापासून मी शोधते आहे. मुलाला खेळात ढकलणारे आईबाप आणि त्यांना उत्तर देऊ पाहणारं मूल, अशी किशोरवयीन वाचकांची कादंबरी मराठीत माझ्या हाती लागलेली नाही. फास्टर फेणे आमच्या मुलांना आवडतो, पण तो साहसाचा गडी. त्याच्यामागे मोटारसायकलचा उजेड नसतो.

आपल्याच मुंबईवर अरविंद अडिगा यांनी 2016 मध्ये ‘सिलेक्शन डे’ ही इंग्रजी कादंबरी लिहिली. त्यात चटणी विकणारा बाप आहे, दहिसरची झोपडपट्टी आहे आणि दोन मुलगे. थोरला जगातला पहिल्या नंबरचा फलंदाज होणार, धाकटा दुसऱ्या नंबरचा, हे बापाने आधीच ठरवून टाकलंय. धाकट्याचा जीव मात्र विज्ञानात. कादंबरी ताकदीची, पण मोठ्यांसाठी लिहिलेली. नववीतल्या मुलीच्या हाती ती देता येत नाही.

देता येईल अशी एक मला सापडली, तीही इंग्रजीत, अमेरिकेतली. जेसन रेनॉल्ड्स यांची ‘सनी’, 2018 ची. सनी एक मैल पळतो, म्हणजे आमच्या 1500 मीटरच्या जवळपास. त्याला जन्म देताना आई गेली. तिला मॅरेथॉन जिंकायची होती, ते आता मुलाने करून दाखवायचं अशी बापाची इच्छा. सनी हरत नाही, दर वेळी पहिला येतो. आणि एका शर्यतीत, सगळ्यांच्या पुढे असताना, शेवटच्या रेषेच्या अलीकडेच तो थांबतो. हरणारं मूल थांबलं तर आपण समजू शकतो. जिंकणारं मूल थांबतं, तेव्हा बापाला पहिल्यांदा विचार करावा लागतो. पुढे सनी थाळीफेकीकडे वळतो, म्हणजे खेळ सोडत नाही. हे मला फार खरं वाटलं.

ही गोष्ट मी मधल्या सुट्टीत मुलींना मराठीत सांगितली. सगळ्यांनी एकच विचारलं: मग त्याचे वडील काय म्हणाले? मुलांना बापाला शिक्षा झालेली बघायची नसते. त्याला कळलं का, एवढंच त्यांना हवं असतं. म्हणून अशी कादंबरी लिहिणाऱ्याने बापाला राक्षस करू नये. बाप पहाटे चारला का उठतो, हे ज्याला कळलंय त्यानेच ती लिहावी.

आणि वेगळे बापही आपल्याकडे आहेत. शेजारच्या संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा क्रिकेटपटू अजिंक्य रहाणे डोंबिवलीत वाढला. धाकट्या भावाला कडेवर आणि किटबॅग हातात घेऊन आई आपल्याला सरावाला चालत न्यायची, हे त्याने स्वतः सांगितलं आहे. लोकलने एकटं जायची वेळ आली तेव्हा वडिलांनी त्याला एकट्याने पाठवलं, आणि ते त्याच गाडीत दुसऱ्या डब्यात बसले. मुलाला कळू न देता. मैदानाच्या कडेला ओरडत पळणारे वडील आणि दुसऱ्या डब्यात गप्प बसलेले वडील. काळजी दोघांचीही तेवढीच असेल, पण मुलाला श्वास घेता येतो तो दुसऱ्या डब्यातल्या वडिलांपाशी. अशा गोष्टी मुलाखतीत दोन ओळींत येतात आणि विरून जातात. त्यांची कादंबरी व्हायला हवी.

ती मुलगी आता अकरावीत आहे. अजून पळते. आवडतं म्हणून की भीतीने, हे मी तिला विचारलेलं नाही. विचारायचं धाडस मला झालेलं नाही.

ऐकणाऱ्यांत असं कुणी असेल, जे लहानपणी आपल्या घाटात, गावच्या तालमीत, कबड्डीच्या मैदानात कुणासाठी तरी पळालं, लढलं, आणि आज ज्याच्या हाती लेखणी आहे, त्याने हे पुस्तक लिहावं. मराठीत लिहावं, आणि बापाच्या तोंडी आपली बोली घालावी. छापून व्हायची वाट पाहू नका. हस्तलिखित पाठवलंत तरी मी ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवीन. कपाटात ‘श्यामची आई’च्या शेजारी मी त्याच्यासाठी जागा मोकळी ठेवली आहे.