जंतूंवाचून सूज, सुजेवाचून वेदना



बृहन्महाराष्ट्र भवन पहाडगंजात, नूतन मराठी शाळाही इथेच. त्यामुळे दिल्लीत आलेल्या मराठी माणसाचे पाय कधी ना कधी या भागाला लागतातच. स्टेशनातून बाहेर पडलं की भिंती वाचायला मिळतात : ‘गुप्तरोग’, ‘मर्दाना कमजोरी’, ‘शर्तिया इलाज’. अशा जाहिरातींवर १९५४ साली कायदा झाला. ज्या आजारांच्या इलाजाची जाहिरात करायची नाही, त्यांची यादी त्याला जोडलेली आहे आणि तिच्यात प्रोस्टेट ग्रंथीचे विकार नाव घेऊन नोंदवले आहेत. कायदा अजून आहे आणि भिंतीही रंगलेल्याच आहेत.

पण भिंतींना नावं ठेवायला या सभेचा अध्यक्ष कशाला हवा? माझी तक्रार आपल्या डॉक्टरांबद्दल आहे. माणूस त्या भिंतीपाशी बहुधा आपल्याकडून निघाल्यावर पोचतो.

तीस-पस्तिशीचा, चाळिशीचा पुरुष येतो. ओटीपोटात दुखतं, वृषण आणि गुदद्वार यांच्यामधल्या जागेत ठणकतं, बसलं की वाढतं. लघवीला सारखं जावं लागतं, वीर्यपतनानंतर कळ येते. तो हे असं सांगत नाही. ‘डॉक्टर, खाली जरा जळजळतंय’ एवढंच म्हणतो आणि बायको सोबत असेल तर तेवढंही नाही. आपण ‘प्रोस्टेटला सूज’ असं लिहून सिप्रोफ्लॉक्सासिन देतो. बरं वाटलं नाही की लिव्होफ्लॉक्सासिन. मग तोच कोर्स, पण लांबवून. लघवीचं कल्चर मात्र कित्येकदा झालेलंच नसतं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने नव्वदच्या दशकात प्रोस्टेटायटिसचे चार गट पाडले. पहिला तीव्र जंतुसंसर्ग : थंडी वाजून ताप, लघवी अडणं. इथे प्रतिजैविक तातडीने हवं आणि ग्रंथी चोळून पाहायची नाही. दुसरा जुनाट जंतुसंसर्ग, चौथा तपासणीत योगायोगाने सापडणारी, त्रास न देणारी सूज. तिसऱ्या गटात जंतू सापडत नाहीत, कधी सूजही सापडत नाही, वेदना मात्र तीन महिन्यांहून जास्त टिकलेली असते. आपल्यापुढे येणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक याच तिसऱ्या गटातले. आपण औषध लिहितो ते दुसऱ्या गटाचं.

२००४ साली या तिसऱ्या गटातल्या १९६ पुरुषांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा आठवडे सिप्रोफ्लॉक्सासिन, टॅमसुलोसिन, दोन्ही मिळून किंवा नुसती साखरगोळी. साखरगोळीपेक्षा लक्षणीय सरस कोणीच ठरलं नाही. ते रुग्ण जुने होते, आधी बरेच उपचार घेतलेले होते, हे खरं. म्हणून नव्या रुग्णाला एक कोर्स देऊन पाहण्यावर माझा आक्षेप नाही. दुसरा कशाच्या आधारावर, हे विचारायचं आहे. आपल्या देशात तर आणखी एक धोका आहे. लघवीत पू आहे आणि साधं कल्चर कोरं आलं, तर मूत्रमार्गाच्या क्षयाचा विचार करावा लागतो. हीच औषधं क्षयाला अर्धवट दाबतात आणि निदान लांबवतात.

मग दुखतं कशाने? एकच कारण शोधायची घाई सोडली पाहिजे. कुणाचे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू मिटलेल्या मुठीसारखे आवळलेले असतात; बोटाने तपासताना नेमक्या जागी दाबलं की रुग्ण म्हणतो, ‘हेच ते दुखणं’. कुणाच्या मज्जासंस्थेने वेदनेची सवय लावून घेतलेली असते. कुणाला मूत्राशयाचा त्रास, कुणाला जोडीला चिडलेलं आतडं, कुणाला काळजीने झोप नाही. म्हणून लघवी, मन, ग्रंथी, संसर्ग, मज्जासंस्था आणि स्नायू अशा सहा बाजूंनी प्रत्येक रुग्ण वेगळा तपासायची पद्धत शोस्केस आणि निकेल या मूत्ररोगतज्ज्ञांनी २००९ मध्ये मांडली. मला ती पटते. कारण ती डॉक्टरला रुग्णाशी बोलायला लावते.

विटा, खानापूर, आटपाडीकडून आलेले आपले गलाईवाले घ्या. सोनं-चांदी गाळायला लहानशा खोलीत भट्टीपुढे तासन्‌तास बसायचं, पाणी बेताचं प्यायचं, लघवी दाबून धरायची. अशा माणसाला हे दुखणं लागलं तर गोळीआधी बैठक बदलायला सांगा. मध्येमध्ये उठणं, मधे पोकळ असलेली उशी, कोमट पाण्याचा टबबाथ, बद्धकोष्ठाचा इलाज, रोजचं चालणं. आणि फिजिओथेरपी, पण स्नायू सैल सोडायला शिकवणारी. इंटरनेटवर वाचून आवळायचे व्यायाम करणारे पुष्कळ येतात. आधीच ताठलेल्या स्नायूंना ते बाधतात.

मनाविषयी बोलताना जपून. ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ हे वाक्य मी आपल्या पेशातून हद्दपार करीन. वेदना खरी असते. भीती तिला वाढवते. धातू म्हणजे वीर्य जाण्याच्या भीतीला डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली ‘धात सिंड्रोम’ म्हटलं, आणि ती भीती घेऊन आलेल्या पुरुषाला हे दुखणं म्हणजे तारुण्यातल्या पापाचं फळ वाटतं. भिंतीवरच्या हकिमाचा धंदा त्यावरच चालतो. रुग्णाला स्पष्ट सांगा : हस्तमैथुनाने हे होत नाही. हा कर्करोग नाही आणि यातून कर्करोग होतो असं सिद्ध झालेलं नाही. सुजेने पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठी रक्तात मोजलं जाणारं प्रथिन, वाढू शकतं, तेव्हा एका आकड्यावर घाबरू नका.

मराठीत हे बोलायची परंपरा नाही, असं कोणी म्हणू नये. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना जाहीर उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला आणि १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. आज आपल्याला कोणी कोर्टात ओढत नाही, तरी आपण ‘तिथे’, ‘खाली’, ‘ते’ यांवर भागवतो.

तेव्हा मागणं थोडकं आहे. प्रतिजैविकाचा दुसरा कोर्स लिहिण्याआधी कल्चर पाहा. वेदना, लघवी आणि रोजचं जगणं यांविषयी नऊ प्रश्न विचारून ० ते ४३ गुण देणारी प्रश्नावली आहे. ती मराठीत टेबलावर ठेवा, दर भेटीला भरून घ्या, म्हणजे बरं वाटतंय की नाही ते दोघांनाही दिसेल. पूर्ण बरं होण्याचं वचन देऊ नका. त्रास बराच कमी होतो, मात्र महिने लागतात, हे पहिल्याच दिवशी सांगा. आणि रुग्णाला दहा मिनिटं एकट्याला बोलू द्या, नातेवाइकांना बाहेर बसवून.