नदी, विहीर आणि आपला बोअर: पाणी एकच

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यातील भाषणाचा संपादित भाग)



पंचवीस वर्षांत असा उन्हाळा क्वचितच गेला असेल, की आपल्या सभेत पाण्याचा विषय निघाला नाही. बोअर आणखी खोल न्यायचा का, टँकरची वर्गणी किती, हे प्रश्न ठरलेलेच. यंदा खोल बोअरचा विषय पुन्हा पुढे आहे. म्हणून आज थोडं आपल्या पायाखालच्या पाण्याबद्दल बोलतो.

आपण नदीचं पाणी वेगळं आणि बोअरचं वेगळं समजतो. खरं तर ते एकच पाणी आहे. पावसाळ्यात पूर्णेला पूर येतो, तो जमिनीवरून वाहून आलेल्या पाण्याचा. पण पाऊस थांबून महिना-दीड महिना झाला तरी ओढा वाहत असतो, ते पाणी कुठलं? ते जमिनीत मुरलेलं. काठच्या मुरुमातली पाण्याची पातळी ओढ्याच्या तळापेक्षा उंच असते, म्हणून ते हळूहळू ओढ्यात पाझरतं.

उलटंही होतं. उपसा वाढला आणि जमिनीतली पातळी तळाच्या खाली गेली, की ओढ्याचंच पाणी जमिनीत जायला लागतं. मग ओढा लवकर आटतो. नदीत झिरा उकरून पाणी भरल्याचं इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. ते पाणी वाळूत साठलेलं असायचं. वाळू उपसली की ती साठवणही गेली.

आता आपल्या खालचा खडक बघा. हा काळा पाषाण, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास थिजलेला लाव्हा. यात पाणी राहतं ते वरच्या मुरुमात आणि खडकाच्या भेगांत. अखंड पाषाणात पाणी नाही. त्यामुळे बोअर दुप्पट खोल नेला म्हणून पाणी दुप्पट लागत नाही. भेग लागली तर पाणी, नाही तर नुसता फुफाटा. आणि खोल भेगेतलं पाणी ओढलं की शेजारची विहीरही खाली जाऊ शकते. म्हणूनच 2009च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात शेती आणि उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई आहे. आपला बोअर पिण्याचा असला, तरी खडक तोच आहे.

जमिनीतलं आणि वरचं पाणी कसं भेटतं, हे डोळ्यांनी बघायचं तर पूर्णा ओलांडून लोणारला जा. उल्केच्या आघाताने झालेलं ते विवर साधारण 1.8 किलोमीटर रुंद आहे. काठावरची धार गोड्या पाण्याची आणि बारमाही, पण तळ्यातलं पाणी खारं! कारण तळ्यातून बाहेर वाहायला वाट नाही. ऊन पाणी नेतं, क्षार मागे राहतात. जून 2020 मध्ये तळं गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. पाणी कमी होऊन खारटपणा वाढला आणि मीठ मानवणारे सूक्ष्मजीव फोफावले, असं दिसलं. त्याच वर्षी लोणार रामसर यादीत आलं, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा ठरलं. येणारं आणि उडून जाणारं पाणी यांचा तोल ढळला, की अख्ख्या तळ्याचा रंग बदलतो.

आपल्या जिल्ह्यातलंच दुसरं उदाहरण कडवंचीचं. तिथे इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात बांधबंदिस्ती आणि नाल्यांवरची कामं झाली. वाहणारं पाणी अडवून मुरवलं आणि गाव पुढे द्राक्षांसाठी ओळखलं जाऊ लागलं. एक लक्षात ठेवा: प्लास्टिक अंथरलेलं शेततळं पाणी मुरवत नाही, ती फक्त टाकी असते. बोअरचं पाणी उपसून ती भरली, तर भूजल वाढत नाही, उलट घटतं.

मग आपण काय करायचं? माझ्या तीन सूचना आहेत.

पहिली, गच्चीचं पाणी. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. पाऊस 600 मिलिमीटर धरला, तर 100 चौरस मीटरच्या गच्चीवर 60 हजार लिटर पडतं. थोडं वाया गेलं तरी 45 हजार लिटर कुठे गेलं नाही. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या, पुढचं वाळू-खडीच्या गाळणीतून बोअरजवळच्या खड्ड्यात मुरवा. सांडपाणी मात्र तिथे चुकूनही सोडू नका.

दुसरी, मोकळ्या जागेत सगळीकडे फरशी नि सिमेंट नको. थोडी माती उघडी राहू द्या.

तिसरी सूचना मुलांसाठी. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. तुम्हीही मोठ्यांना सोबत घेऊन, दोरीला वजन बांधून जवळची विहीर मोजा आणि सूचना फलकावर आकडा लिहा.

नव्या बोअरचा ठराव जरूर चर्चेला घ्या, पण त्याआधी हे आकडे वर्षभर बघा. खात्यात काही न भरता नुसतं काढत राहिलो तर पासबुकात काय उरतं, ते आपल्या खजिनदारांना विचारा!