डव्हटेलचा सांधा

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी प्रत्येकाला आपापल्या कामाविषयी बोलायला सांगितलंय. कुणी दवाखान्याविषयी बोललं, कुणी शेतीविषयी, कुणी बँकेविषयी. माझं भोसरीला जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप आहे. दोन मिलिंग मशीन, एक लेथ आणि आम्ही चौघं. तिथल्या अनेक कामांपैकी एकाच कामाविषयी सांगतो. पेंटबॉल मार्करच्या डव्हटेल रेल.

पेंटबॉल म्हणजे रंग भरलेल्या गोळ्यांचा खेळ. गोळी साधारण १७ मिलिमीटरची, अंगावर फुटली की रंग लागतो आणि खेळाडू बाद होतो. ती उडवणाऱ्या यंत्राला मार्कर म्हणतात, कारण अमेरिकेत ते आधी झाडांवर आणि गुरांवर खुणा करण्यासाठी वापरत. १९८१ साली तिथे काही मंडळींनी त्याचाच खेळ केला. आता आपल्याकडेही सहलीच्या ठिकाणी पेंटबॉलची मैदानं आहेत. मार्कर बहुतेक बाहेरून येतात. रेल झिजली किंवा कुणाला वेगळी हवी असली की काम आमच्यासारख्यांकडे येतं.

या मार्करच्या मुठीखाली एक रेल असते आणि तिच्यावर हवेच्या टाकीचा जोड सरकवून बसवतात. टाकीत दाब किती, तर सुमारे २०० बार. आपल्या कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो. म्हणजे हा सांधा ढिला राहून चालत नाही. म्हणूनच तिथे डव्हटेल लागतो.

डव्हटेल म्हणजे कबुतराच्या शेपटीचा आकार, एका बाजूला अरुंद आणि दुसऱ्या बाजूला पसरलेला. जुन्या सागवानी टेबलाच्या ड्रॉवरचा कोपरा पाहा, तिथे सुताराने हाच सांधा केलेला दिसेल. तो एकाच दिशेने सरकतो, ओढला तर निघत नाही. लेथची क्रॉस स्लाइडही डव्हटेलवरच चालते. मध्ये जिबची पट्टी असते. आपल्याकडे सुतार तिफणीला पाचर मारतो, तेच काम ती पट्टी करते.

करायची पद्धत अशी. ६०६१ ॲल्युमिनियमचा ठोकळा व्हाइसमध्ये पकडायचा आणि डायल लावून सरळ आहे ना ते बघायचं. साध्या एंड मिलने दोन्ही बाजूंना पायरी काढायची. मग ६० अंशांचा डव्हटेल कटर घ्यायचा. त्याची मान बारीक असते, एकदम जास्त माल खायला दिला तर मोडतो. ॲल्युमिनियम धारेला चिकटतं, म्हणून केरोसीनचे थेंब सोडत राहायचं. एक बाजू झाली म्हणून व्हाइस ढिला करायचा नाही. दोन्ही बाजू एकाच पकडीत काढायच्या, नाहीतर त्या समांतर येत नाहीत. खोलीवरही नजर ठेवायची. कटर ०.१ मिलिमीटर खाली गेला तर दोन्ही बाजू मिळून माप ०.११५ ने बदलतं.

आता खरी गंमत मोजण्यात आहे. डव्हटेलचे वरचे कोपरे धारदार असतात. हात कापू नये म्हणून ते कानशीने मारतात आणि मग तिथे व्हर्नियर लावून काही उपयोग नसतो. अशा वेळी खालच्या दोन्ही कोपऱ्यांत गोल पिना ठेवायच्या आणि त्यांच्यावरून मायक्रोमीटर लावायचा. एअर रायफलवर चालणाऱ्या ११ मिलिमीटर रेलचं उदाहरण घ्या. माथा ११, उंची २, कोन ६० अंश. पायथा निघतो ११ वजा (२ × २ × कॉट ६०), म्हणजे ८.६९. पिना २ मिलिमीटरच्या असतील तर त्यांच्यावरचं माप ८.६९ अधिक २ × (१ + कॉट ३०), म्हणजे १४.१५. मायक्रोमीटरवर १४.१५ आलं की रेल बरोबर. दहावीला त्रिकोणमिती शिकताना आपण विचारायचो, "सर, याचा उपयोग काय?" गुरुजन समोर बसले आहेत म्हणून सांगतो, उपयोग हा आहे आणि तो रोज आहे.

एअर रायफलचं नाव घेतलंच आहे, तर आणखी एक हिशेब. १० मीटर एअर रायफलच्या निशाण्यावर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. मागच्या आणि पुढच्या साइटमध्ये समजा ७०० मिलिमीटर अंतर आहे. मागची साइट रेलवर ०.०५ ने हलली, तर निशाण्यावर सुमारे ०.७ चा फरक पडतो. ठिपक्यापेक्षा जास्त! कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेंनी २०२४ ला पॅरिसला कांस्यपदक आणलं. त्यांचे प्रकार ५० मीटरचे. अंतर वाढलं की हा फरकही वाढतो. मेहनत त्या खेळाडूंचीच, पण त्यांच्या हातातली साइट जागची हलू नये हे कुठल्यातरी मशीनवर उभ्या असलेल्या माणसाने पाहिलेलं असतं.

एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही फक्त रेल आणि जोड करतो. बंदुकीचे भाग बनवायला १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो, त्या वाटेला आम्ही जात नाही.

हे सगळं सांगण्याचं कारण वेगळं आहे. आपला धाराशिव नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. इथली पोरं दरवर्षी चाकण-भोसरीला येतात. बहुतेकांना ठेकेदार सीएनसीवर उभं करतो आणि दोन बटणं दाखवतो. तेवढंच येत असेल तर तो पोरगा उद्या सहज बदलता येतो. पण १४.१५ हे माप कुठून आलं हे ज्याला सांगता येतं, त्याला कुणी सहजासहजी सोडत नाही. पगारातला फरक तिथेच पडतो. आणि हे समजायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही, आपल्या शाळेचं दहावीचं गणित पुरतं. तेव्हा भाचा-पुतण्या आयटीआयला जातो म्हणाला, तर "तिथं काय ठेवलंय?" असं कृपा करून म्हणू नका.

मुख्याध्यापक सरांना एक विनंती आहे. दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस एक वर्गखोली द्यावी. मी व्हर्नियर, मायक्रोमीटर, पिना आणि डव्हटेलचे दहा-बारा नमुने घेऊन येतो. नववी-दहावीच्या मुलामुलींनी स्वतः मोजावं, कागदावर हिशेब करावा आणि दोन्ही जुळतात का ते बघावं. आपल्या बॅचपैकी कारखान्यात काम करणारे आणखी तिघं-चौघं आहेत, त्यांनी सोबत यावं. खर्चाची वर्गणी नको, फक्त वेळ द्या.