रमाबाई रानडे आणि मताचा अधिकार

(मंडळाच्या नांदेड येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



न्यायमूर्तींच्या सुशील पत्नी आणि सेवासदनाच्या आधारस्तंभ म्हणून कै. रमाबाई रानडे आपणां सर्वांस ठाऊक आहेत. मताच्या अधिकारासाठी झटणाऱ्या रमाबाई मात्र फारशा कोणाच्या स्मरणात नाहीत. आज आम्ही त्यांच्याविषयीच बोलणार आहोत.

१८७३ साली विवाह होऊन त्या पुण्यास आल्या, तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पतीने शिकवावे आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी त्यावरून टोचून बोलावे, असा तो काळ. ही हकीकत त्यांनी स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेविली आहे. अशा घरातून निघालेली ही बाई पुढे चारचौघांत उभी राहून बोलू लागली, हेच आम्हांस अधिक नवलाचे वाटते.

१९१८ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा मिळाली. पुण्यात सक्ती मुलांपुरतीच ठेवावी, असे म्हणणारा पक्ष बलवान होता. १९२० मध्ये रमाबाईंनी स्त्रियांना एकत्र करून या भेदाला विरोध केला. मुलीच्या हाती पाटी द्यावयाची की नाही, हे नगरपालिकेच्या बैठकीत ठरते आणि त्या बैठकीवर स्त्रियांच्या मताचा धाक नाही, ही खरी अडचण होती. इंग्लंडात करदात्या एकट्या स्त्रियांना नगरपालिकेचे मत १८६९ सालीच मिळाले होते. १८७० मध्ये लिडिया बेकर मँचेस्टरच्या शाळामंडळावर निवडूनही आल्या. मुंबई इलाख्यात विधिमंडळाच्या मतासाठी रमाबाई झटल्या, आणि १९२१ साली कौन्सिलने तो अधिकार मान्य केला. अट मालमत्तेची होती, म्हणून लाभ थोड्याच स्त्रियांस झाला. १९२४ साली त्या निवर्तल्या.

आपला नांदेड-लातूरचा मुलूख तेव्हा निजामी राज्यात होता. १९४८ साली तो मुक्त झाला, आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आपल्या आया-आज्यांस पुरुषांच्या बरोबरीने मत मिळाले. २०११ पासून तर राज्यातील स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत.

आता आपल्या मंडळाकडे वळू. वर्गणीची पावती कुटुंबाच्या नावे निघते; मत मात्र कुटुंबप्रमुखाचे. तो वारला की नोंद मुलाच्या नावे जाते, विधवेच्या नव्हे. (मेळाव्याच्या स्वयंपाकात भगिनींचा शब्द प्रमाण मानतो, एवढे औदार्य आपणांत आहे!) मुलींच्या वसतिगृहाचा विषय लागोपाठ तीन सभांत पुढे ढकलला गेला. त्या सभांत मत देणारी एकही स्त्री नव्हती. आम्ही होतो, आणि ढकलण्याच्या बाजूने आम्हीही हात वर केला होता.

म्हणून अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक व्यक्तीस, मग ती सून असो वा लेक, स्वतंत्र मत असावे, अशी दुरुस्ती लिहून आम्ही चिटणीसांकडे दिली आहे. पुढील सर्वसाधारण सभा लातूरला आहे. तेथे ती वसतिगृहाच्या विषयाआधी घ्यावी, एवढीच विनंती.