युद्ध संपलं म्हणतात, तेव्हा



लढाईची बातमी आपण ऐकतो ती विमानांची, रणगाड्यांची आणि पुढाऱ्यांची. घरातल्या चुलीचं, मुलीच्या शाळेचं, बाईच्या नोकरीचं काय झालं, हे बातमीत क्वचितच येतं. ते पुस्तकांत सापडतं. म्हणून आज इराक युद्धावरच्या तीन पुस्तकांची ओळख करून देते. तिन्हींत खरी हकीकत आहे, कादंबरी एकही नाही. नावं लिहून घ्या.

आधी थोडं मागचं सांगते. मार्च २००३ मध्ये अमेरिका आणि तिच्या साथीदार देशांनी इराकवर हल्ला केला. तिथे महाभयंकर शस्त्रं लपवली आहेत, असं कारण दिलं होतं. तशी शस्त्रं पुढे सापडली नाहीत. ९ एप्रिलला राजधानी बगदाद पडली. १ मे रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी मोठी लढाई संपल्याचं जाहीर केलं. पण परक्यांचा अंमल तेव्हाच तर सुरू झाला होता, आणि बायकांचे खरे हाल त्यानंतरचे.

पहिलं पुस्तक ‘बगदाद बर्निंग’. लिहिणारी बगदादचीच एक तरुण मुलगी. जिवाच्या भीतीनं तिनं खरं नाव लपवलं आणि ‘रिव्हरबेंड’ या नावानं ऑगस्ट २००३ पासून इंटरनेटवर लिहायला लागली. ती कॉम्प्युटरचं काम करायची, स्वतः कमवायची. युद्धानंतर भावाला सोबत घेऊन ऑफिसात गेली, तर तिला सांगितलं, आता बायकांनी येऊ नये, तुमच्या सुरक्षिततेची हमी देता येत नाही. कायदा बदलला नव्हता, कुणी फर्मान काढलं नव्हतं. रस्ता धोक्याचा झाला आणि बाई घरात बसली, एवढंच. वीज कधी येणार, बाहेर जाताना सोबत कोण, डोकं झाकायचं की नाही, सगळं तिनं लिहिलंय. २००७ मध्ये तिच्या कुटुंबाला देश सोडावा लागला.

दुसरं ‘नाइट ड्रॉज निअर’. लेखक अँथनी शदीद हे अमेरिकेतले पत्रकार, पण त्यांना अरबी येत होती. त्यामुळे ते दुभाष्याशिवाय लोकांच्या घरात बसून बोलले. यात लेकाला लढाईवर पाठवणारी गरीब आई आहे, आणि तिच्या चौदा वर्षांच्या मुलीची रोजनिशी आहे. रिव्हरबेंड शिकल्या-सवरल्या घरातली. गरिबाघरी काय झालं, ते कळायला हे पुस्तक हवं.

तिसरं ‘इम्पीरियल लाइफ इन द एमराल्ड सिटी’. लेखक राजीव चंद्रशेखरन, भारतीय वंशाचे पत्रकार. इराकचा कारभार अमेरिकी अधिकारी सद्दामच्या राजवाड्यात, भिंतीआड बसून करत होते. त्यांचं जेवणसुद्धा परदेशातून यायचं. भिंतीबाहेर लोक विजेची वाट बघत होते. इराकचं सैन्य एका आदेशानं मोडीत काढलं आणि लाखोंचा रोजगार गेला. माणसं न ओळखता चालवलेला कारभार कसा बिघडतो, ते यात दिसतं. मात्र यात घरं फारशी दिसत नाहीत, म्हणून हे शेवटी वाचा.

तुम्ही म्हणाल, ताई, पुस्तकं तर इंग्रजीत! खरं आहे. पण आपल्या गटात कुणाची तरी लेक, सून कॉलेजात शिकतेच. तिनं चार पानं वाचावीत आणि बैठकीत आपल्या भाषेत सांगावीत. ‘बगदाद बर्निंग’पासून सुरुवात करा. त्यात तारखेवार मजकूर आहे, त्यामुळे एका बैठकीला एक तारीख पुरते. तालुक्याच्या वाचनालयात पुस्तकाची मागणी लेखी द्या, गटाच्या नावानं द्या.

आणि पुढच्या वेळी कुठल्याही देशाची बातमी आली, की तिथे युद्ध संपलं, तर एक विचारा: तिथल्या बाया कामाला जायला लागल्या का? मुली शाळेत परतल्या का? त्याचं उत्तर मिळेपर्यंत युद्ध संपलं असं मी तरी म्हणणार नाही.