मोटारसायकलीवरील सैनिक-बंधुत्व



मोटारसायकलस्वारांची टोळी म्हटली की डोळ्यांपुढे दंगेखोर तरुण उभे राहतात. मी जिच्याविषयी बोलणार आहे, त्या टोळीतील पुष्कळांचे केस पिकलेले आहेत! अमेरिकेतील ‘कॉम्बॅट व्हेटरन्स मोटारसायकल असोसिएशन’ ही ती संस्था होय. मूठभर माजी सैनिकांनी ती २००१ साली स्थापिली.

प्रत्यक्ष युद्धभूमीवर सेवा केल्याचा दाखला असल्यावाचून तिचे पूर्ण सभासदत्व मिळत नाही. मग तो मनुष्य भूदलाचा असो वा नौदलाचा. पाठीवरील कवटीचे चिन्ह पाहून बिचकू नये. युद्ध मागे ठेवून जाते त्या मृत्यूची ती खूण आहे.

माजी सैनिकांनी माजी सैनिकांस साह्य करावे, हे तिचे ब्रीद. त्यासाठी ही मंडळी दौडी काढून निधी जमवितात आणि तो गरजूंस देतात. परंतु द्रव्यसाह्याहून मला मोलाचे वाटते ते निराळेच. रणातून परतलेला मनुष्य घरी बोलत नाही. ऐकणाऱ्यांस ते सोसवणार नाही, हे तो जाणतो. रात्री दचकून उठतो. मोटारसायकलीवर कोणाशी बोलावे लागत नाही, तरी मागेपुढे आपली माणसे असतात. असे शे-पन्नास मैल गेल्यावर कॉफीच्या पेल्याशी एखादा आपणहून तोंड उघडतो. वैद्याचे काम याने भागते असे मात्र कोणी समजू नये.

आपल्या ज्ञातीतही सैन्यातून परतलेले बांधव आहेत. आपण त्यांस शाल-श्रीफळ अर्पण करतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. आजचे सत्कारमूर्ती सभेनंतर कोणाबरोबर घरी जाणार आहेत, हे आपल्यापैकी कोणी विचारले आहे काय?